किल्व्याच्या वाळूतली चिनी खापरे

घरात चहाची बशी फुटली की आपण तुकडे गोळा करून टाकून देतो. ती बशी गुजरातेतल्या एखाद्या कारखान्यात तयार झालेली असते, माती राजस्थानातून आलेली असते. तरीही तिला आपण चिनी मातीचीच म्हणतो. अशाच फुटक्या बशांच्या आणि वाडग्यांच्या तुकड्यांची ही हकीकत आहे. मात्र हे तुकडे सापडतात ते चीनपासून हजारो किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. टांझानियातील किल्वा बेटावर भरती ओसरली की पोवळ्यांच्या पडक्या भिंतींच्या पायथ्याशी हिरवट झिलईची आणि निळ्या नक्षीची खापरे वाळूत उघडी पडतात.

मॉर्टिमर व्हीलर हे नाव इतिहासाच्या शिक्षकांना परिचित असेल. भारताच्या पुरातत्त्व खात्याचे ते प्रमुख होते आणि अरिकामेडूच्या उत्खननात रोमन भांड्यांच्या तुकड्यांवरून त्यांनी त्या स्थळाचा काळ ठरवला होता. हेच व्हीलर १९५५ साली टांगानिकाच्या किनाऱ्यावर हिंडले आणि थक्क झाले. इतकी फुटकी चिनी भांडी आपण आयुष्यात कधी पाहिली नाहीत, असे त्यांनी सांगितले. दहाव्या शतकापासून पुढचा या भूमीचा गाडलेला इतिहास चिनी भांड्यांतच लिहिलेला आहे, असाही त्यांचा अभिप्राय होता.

मग यावरून काय समजायचे? चिनी लोक आफ्रिकेत येत होते, हे उत्तर चटकन सुचते. आम्ही शिक्षकांच्या एका शिबिरात हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांनी हेच उत्तर दिले. आम्ही प्रयोगशाळेतली माणसे, इतिहास हा काही आमचा व्यवसाय नव्हे. परंतु पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहण्याची सवय आम्हांलाही लागलेली असते. वस्तू पोचली म्हणजे ती बनवणारा माणूस पोचला, असे होत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. म्हणून कोल्हापुरात रोमन वसाहत होती, असे कोणी म्हणत नाही. हाच विवेक किल्व्याला लावून पाहू.

आधी खापराकडे एक पदार्थ म्हणून पाहू. कुंभाराचे साधे मडके सुमारे ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजले जाते आणि सच्छिद्र राहते. म्हणून तर माठातले पाणी गार होते. खरे पोर्सेलिन केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड यांपासून करतात व सुमारे १३०० अंशांपर्यंत भाजतात. त्या तापमानाला फेल्डस्पार वितळतो, मातीच्या कणांमधल्या जागा काचेसारख्या द्रवाने भरून निघतात आणि निवल्यावर भांडे घट्ट, पाणी न शोषणारे होते. हिरव्या झिलईच्या सेलाडॉन भांड्यांचा रंग झिलईतल्या थोड्याशा लोहामुळे येतो. भट्टीत प्राणवायू कमी ठेवला तर हिरवा, मोकळा सोडला तर पिवळट तपकिरी. अशा वस्तूवर पाऊस, खारे पाणी, वाळवी, बुरशी यांचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. फुटणे एवढाच तिला धोका. आणि फुटल्यावर प्रत्येक तुकडा पुन्हा अमर. शिवाय झिलई आणि नक्षी यांची पद्धत दर पन्नास-शंभर वर्षांनी बदलत गेल्यामुळे तुकड्याचा काळही बऱ्याच नेमकेपणाने सांगता येतो.

जाता जाता एक गंमत. चौदाव्या शतकातल्या निळ्या नक्षीच्या चिनी भांड्यांतला कोबाल्ट बराचसा इराणकडून येत असे. त्यातल्या मँगेनीज व लोहाच्या प्रमाणावरून तो चिनी खाणींतल्या कोबाल्टपेक्षा वेगळा ओळखता येतो. म्हणजे ‘अस्सल चिनी’ म्हणून आफ्रिकेत गेलेल्या वाडग्याचा निळा रंग एकदा पश्चिमेकडून पूर्वेला आणि मग पुन्हा पूर्वेकडून पश्चिमेला असा प्रवास करून आलेला होता.

आता खापरांच्या संख्येकडे वळू. केनियाच्या किनाऱ्याजवळ शांगा आणि मांडा ही जुनी नगरे आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या, आठव्या-नवव्या शतकातल्या थरांतही चीनमधील चांग्शा आणि युए येथल्या भट्ट्यांची खापरे मिळाली आहेत. संपर्क इतका जुना आहे. मात्र त्या थरांत सर्वांत जास्त खापरे आहेत ती तिथल्याच कुंभारांच्या मडक्यांची. बाहेरून आलेल्या थोड्या मालात आखाती देशांतली भांडी जास्त आणि चिनी कमी. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र चकाकणारा हिरवा तुकडा आधी भरतो. काळ्या-तांबड्या मडक्याचे तुकडे पायाखाली येतात आणि कोणी वाकून बघत नाही.

याहून मोठी फसवणूक जमिनीच्या आत होते. ती मुलांना दाखवता येईल असा एक साधा प्रयोग आहे. जूनमध्ये शाळेच्या आवारात एक हात खोल खड्डा करून त्यात फुटक्या बशीचा तुकडा, मडक्याचे खापर, सुती कापड, कागद, लाकडाची ढलपी, लोखंडी खिळा, काचेचा मणी आणि मूठभर तांदूळ एवढे पुरावे. पुरण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे वजन वहीत लिहावे. दिवाळीच्या सुट्टीनंतर खड्डा उकरावा. त्या अवघ्या पाच महिन्यांत काय उरले आणि काय गेले हे मुलांनी पाहिले, की हजार वर्षांत काय उरेल याचा अंदाज त्यांचा तेच करतील. आणि मग विचारावे: या खड्ड्यावरून पुरलेल्या वस्तूंची यादी करायची झाली, तर ती खरी होईल का?

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झाले ते असे. चीनच्या क्वान्झू बंदरात समुद्री व्यापारावर देखरेख करणारा झाओ रुगुआ नावाचा अधिकारी होता. स्वतः परदेशी न जाता, बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्यांना विचारून त्याने १२२५ साली परदेशांची माहिती लिहून काढली. त्यात आफ्रिकेच्या झांज किनाऱ्याचेही वर्णन आहे. तिथे काय माल येतो ते तो सांगतो: पांढरे सुती कापड, चिनी भांडी, तांबे आणि तांबडे सुती कापड. यादीत दोनदा कापड आहे. पण ते दमट किनाऱ्यावर कुजून गेले. हा माल कोण आणतो हेही तो सांगतो: गुजरातची आणि अरबांची जहाजे, दरवर्षी. म्हणजे आफ्रिकेत चिनी भांडी कोणी नेली, या प्रश्नाला एका चिनी अधिकाऱ्याने आठशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले उत्तर ‘चिन्यांनी’ असे नाही.

उलट दिशेने जाणारा मालही नाशवंतच. हस्तिदंत, अंबर, कासवाचे कवच, सुगंधी डिंक. अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होऊन किनाऱ्याला वाहत येणारा सुगंधी गोळा. चिनी लोक त्याला ड्रॅगनची लाळ म्हणत. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल-मसूदी स्वतः झांज किनाऱ्याला जाऊन आला होता. तिथला हस्तिदंत ओमानला जातो आणि तिथून भारत व चीनकडे. असे नसते तर मुसलमानी मुलखात हस्तिदंत मुबलक झाला असता, असे त्याने लिहिले आहे. चीनमध्ये अधिकाऱ्यांच्या पालख्या हस्तिदंताच्या होत, तर आपल्याकडे खंजिरांच्या मुठी आणि बुद्धिबळाची प्यादी. आपल्याकडे हत्ती असताना आफ्रिकेचा दंत कशाला? तर आशियाई हत्तिणीला बहुधा मोठे सुळे नसतात. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही असतात आणि ते आकारानेही मोठे.

हा सारा व्यापार एका हातातून दुसऱ्या हातात का गेला? चीनचे जहाज सरळ किल्व्याला का जात नसे? याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात मोसमी वाऱ्यांच्या पाठात आहे, फक्त आपण ते इतिहासाच्या तासाला उघडत नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडून वारे वाहतात. त्या काळात गुजरात, कोकण किंवा ओमानहून शीड उभारले की जहाज आफ्रिकेकडे लोटले जाते. एप्रिलनंतर वारा उलटतो आणि परतीची वाट उघडते. परंतु जून-जुलैत तो इतका पिसाळतो की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरेच बंद होतात. कोकणातल्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्याचे हेच कारण. म्हणून आफ्रिकेहून परतणाऱ्याने पाऊस भडकण्याआधी यायचे किंवा तो ओसरताना. दक्षिणेकडे हे वारे भरवशाचे राहतात ते साधारण किल्व्यापर्यंत. त्याच्या खाली, सोन्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सोफाल्याला जायचे तर बहुधा आणखी एक हंगाम खर्ची पडे. किल्वा भरभराटीला आले यात तिथल्या सुलतानांचे कर्तृत्व असेलच; पण ते वाऱ्याच्या टोकाला वसलेले आहे, ही गोष्ट अगोदरची.

चीनकडूनही हिवाळी वाऱ्यावर मलाक्क्यापर्यंत आणि पुढे केरळच्या कोल्लमपर्यंत येता येई. तिथून आफ्रिका गाठून परत चीनला जायचे, तर वाऱ्यांच्या प्रतीक्षेत निदान दोन वर्षे मोडायची. खलाशांचा पगार आणि शिधा, व्यापाऱ्याचे गुंतलेले भांडवल यांचा हिशेब केला, तर त्यापेक्षा कोल्लम, कालिकत किंवा खंबायतला माल विकून घरी जाणे केव्हाही शहाणपणाचे. हिंदी महासागर असा वाऱ्याने तुकड्यातुकड्यांत वाटला होता आणि तुकड्यांच्या सांध्यांवर बंदरे वाढली. माल सगळा समुद्र ओलांडी. माणसे बहुधा आपापल्या तुकड्यात ये-जा करीत.

याचा एक विलक्षण पुरावा १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रतळाशी मिळाला. नवव्या शतकात बुडालेल्या एका जहाजात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती, त्यांत बहुसंख्य चांग्शाचे वाडगे. एका वाडग्यावर इ.स. ८२६ शी जुळणारा दिनांक कोरलेला. शांगा-मांड्याच्या खालच्या थरांत सापडलेली चांग्शा भांडी याच जातीची. पण जहाज चिनी नव्हते. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून दोरीने शिवलेल्या होत्या, जशा अरब आणि आपल्याकडच्या जुन्या गलबतांच्या असत. लाकडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा फळ्या अफ्झेलिया या आफ्रिकी वृक्षाच्या आणि आडव्या तुळया सागाच्या निघाल्या. आफ्रिकेचे लाकूड, भारताचा साग, अरबी पद्धतीची बांधणी, चिनी माल, आणि जलसमाधी इंडोनेशियात. ही वाटणी कोणत्याही ग्रंथात इतकी स्पष्ट लिहिलेली नाही.

मग या टोकापासून त्या टोकाला कोणीच गेले नाही का? गेले, आणि त्यांत आफ्रिकेतून निघालेलेही होते. सोंग राजवटीच्या इतिहासात १०७१ आणि १०८३ साली दूरच्या ‘झेंगतान’ देशाचा दूत आल्याची नोंद आहे; अनेक अभ्यासक हा देश म्हणजे झांज किनारा मानतात. मोरोक्कोच्या तांजियरचा इब्न बतूता १३३१ मध्ये मोगादिशू, मोंबासा व किल्वा पाहून गेला आणि पुढे चीनला पोचला. वाटेत केरळच्या किनाऱ्यावर त्याला मोगादिशूचा सईद नावाचा विद्वान भेटला. तो त्याच्या आधीच चीन हिंडून आला होता. चीनमध्ये तर त्याची गाठ सेउता गावच्या एका गृहस्थाशी पडली आणि काही वर्षांनी सहाराच्या काठावर सिजिलमासात त्याच गृहस्थाचा भाऊ त्याला भेटला.

ही स्वखुशीने गेलेली माणसे. न विचारता नेलेलीही होती, आणि व्यापाराच्या गौरवकथेत त्यांना वगळणे बरोबर नाही. नवव्या शतकाच्या आरंभी जावातल्या एका राज्याने तांग सम्राटाला ‘सेंगची’ दास नजर केल्याच्या नोंदी आहेत. हा शब्द झांजवरून आला असे मानतात. बाराव्या शतकातला झू यू हा लेखक ग्वांगझूच्या श्रीमंत घरांतल्या काळ्या दासांचे वर्णन करतो. त्यांतले किती आफ्रिकेचे आणि किती आग्नेय आशियातल्या बेटांवरचे हे त्या शब्दांवरून नेहमी वेगळे काढता येत नाही. चिनी लेखक दोघांनाही एकच नाव देत.

यानंतर ज्याची सर्वांत जास्त चर्चा होते तो प्रसंग, म्हणजे झेंग हे याचे आरमार. मिंग सम्राट योंगले याने १४०५ पासून हे आरमार पश्चिमेकडे पाठवायला सुरुवात केली. १४३३ पर्यंत सात मोहिमा झाल्या, पहिल्याच मोहिमेत सुमारे २७,००० माणसे होती. आफ्रिकेची ओळख मात्र आरमार तिथे पोचण्यापूर्वीच चीनच्या राजवाड्यात येऊन उभी राहिली, तीही चार पायांवर. १४१४ साली बंगालच्या सुलतानाने योंगलेला एक जिराफ भेट पाठवला. बंगालमध्ये जिराफ नसतात. त्याला तो आफ्रिकेहून आला होता. म्हणजे इथेही माल हस्ते-परहस्तेच! दुसऱ्याच वर्षी मालिंदीहून आणखी एक आला. चिनी पुराणात ‘चिलिन’ नावाचा एक शुभ प्राणी आहे. सद्गुणी राजाच्या काळातच तो प्रकट होतो. दरबाऱ्यांनी जिराफालाच चिलिन ठरवले. पुतण्याचे सिंहासन बळकावून राजा झालेल्या योंगलेला असे प्रशस्तिपत्र नको होते असे म्हणवत नाही.

पाचव्या मोहिमेत, १४१७ ते १४१९ या काळात, आरमार परदेशी दूतांना त्यांच्या घरी सोडायला निघाले आणि मोगादिशू, ब्रावा, मालिंदीपर्यंत गेले. फूच्येन प्रांतातल्या चांगले गावी १४३१ साली उभारलेल्या शिलालेखात मोगादिशूहून झेब्रे व सिंह, ब्रावाहून उंट व शहामृग आणल्याची यादी आहे. या भेटींबद्दल शंका नाही. पण त्या सहाशे वर्षांच्या जुन्या व्यापारावर शेवटी पडलेला राजेशाही तुरा होत्या, त्याची सुरुवात नव्हे. सरकारी खजिन्यातून खर्च होत होता तोवर वाऱ्याच्या हिशेबाविरुद्ध जाता आले. खजिन्याने हात आखडता घेतला आणि मोहिमा थांबल्या. व्यापार मात्र पूर्वीच्याच हातांनी चालू राहिला.

गेल्या काही वर्षांत झेंग हे याच्याभोवती अनेक कथा उगवल्या. त्याच्या फुटलेल्या जहाजातले खलाशी पाते बेटावर राहिले, शांगा हे नाव शांघायवरून पडले, वगैरे. शिक्षकांनी वर्गात हे तपासून पाहण्यासारखे आहे. शांगा आठव्या शतकात वसले आणि पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच ओस पडले. सहाशे वर्षे नांदलेल्या गावाला त्याच्या शेवटच्या दिवसांत आलेले खलाशी नाव कसे देतील? मांडा बेटावर २०१३ साली योंगलेच्या काळातले चौकोनी भोकाचे एक तांब्याचे नाणे मिळाले, तेव्हाही वर्तमानपत्रांत झेंग हे याचे नाव झळकले. ते नाणे १४०८ च्या आधी तिथे आलेले नाही, एवढे नक्की. कोणाच्या खिशातून आले, ते नाणे सांगत नाही. आता जुन्या हाडांतून डी.एन.ए. वाचता येतो. किनाऱ्यावरील आणि लगतच्या मध्ययुगीन व नंतरच्या दफनांतील ८० जणांचा असा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आफ्रिकी वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला आणि आशियाई वारसा मुख्यतः पर्शियाकडच्या पुरुषांकडून, काही अंशी भारताकडून आलेला दिसतो. हे मिश्रण सुमारे इ.स. १००० पासूनचे.

इतके सगळे वजा केल्यावर चिनी खापराला काही किंमत उरते का? पुष्कळ उरते. आफ्रिकेच्या अंतर्भागात ग्रेट झिंबाब्वे येथे चुन्याविना रचलेल्या प्रचंड दगडी भिंती आहेत. त्या आफ्रिकी लोकांनी बांधणे शक्यच नाही, फिनिशियन किंवा शेबाच्या राणीच्या लोकांनी त्या बांधल्या असतील, असे युरोपी वसाहतवाले ठासून सांगत. भूमी बळकावणाऱ्याला ती पूर्वी दुसऱ्या गोऱ्यांचीच होती असे सांगता आले तर हवेच असते. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी तिथे उत्खनन केले. त्यांच्या हाती पुराव्यांत काय होते? चिनी सेलाडॉनचे तुकडे, इराणी भांड्यांचे तुकडे, भारतीय काचमणी, आणि त्यांच्या भोवती स्थानिक आफ्रिकी मडकी. अबाधित जमिनीखाली एखादी वस्तू सापडली तर ती जमीन त्या वस्तूपेक्षा जुनी असू शकत नाही. परदेशी वस्तूंचा काळ मध्ययुगीन, बाकी सारे जीवन आफ्रिकी. म्हणजे बांधणारे मध्ययुगातले आफ्रिकीच. पुढे कार्बन-१४ पद्धतीनेही काळ साधारण अकरावे ते पंधरावे शतक असाच निघाला. तरीही १९८० साली झिंबाब्वे स्वतंत्र होईपर्यंत तिथल्या गोऱ्या सरकारला हा निष्कर्ष अडचणीचाच वाटत राहिला.

त्या मण्यांचीही गोष्ट आपल्या जवळची आहे. पूर्व आफ्रिकेत सापडणाऱ्या काचमण्यांचे रासायनिक पृथक्करण केले तेव्हा त्यांतला एक गट आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या मण्यांशी जुळला. सोडा आणि ॲल्युमिना भरपूर, आणि युरेनियमचा अंश नेहमीपेक्षा जास्त, अशी या काचेची खूण. चौलच्या बंदरातून आपल्या कोकणातले मणी आफ्रिकेला जात होते, त्याच समुद्रावर, त्याच वाऱ्यांवर.

१४९८ च्या एप्रिलमध्ये वास्को द गामा मालिंदीला पोचला, तेव्हा भारतीय जहाजे तिथे नांगरून पडली होती. तिथल्या सुलतानाने त्याला एक वाटाड्या दिला. तो गुजराती होता असे पोर्तुगीज नोंदींवरून दिसते. २४ एप्रिलला निघालेली जहाजे २० मे रोजी कालिकतजवळ आली. अवघे २६ दिवस लागले. परतीच्या वेळी वाटाड्या सोबत नव्हता आणि ईशान्येचे वारे सुरू होईपर्यंत थांबण्याचा धीरही नव्हता. गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटावरून ५ ऑक्टोबरला निघालेल्या त्या जहाजांना आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी उजाडली, आणि तोपर्यंत तीस खलाशी स्कर्व्हीने मेले होते.